नवख्यांची ॲप स्पर्धा भरवताय? मग आधी हे उरका

पत्रक छापायला टाकण्याआधी नवखा कोणाला म्हणायचे ते कागदावर आणा. ‘होतकरूंसाठी खुली स्पर्धा’ असे मोघम लिहिले की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा आणि नववीतली मुलगी एकाच रांगेत येऊन बसतात, आणि निकाल काय लागणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. वयाची अट लावून हे सुटत नाही. माझ्या मते अट एवढीच पुरे: ज्याचे एकही ॲप प्ले स्टोअरवर नाही आणि ज्याने प्रोग्रॅमिंगचे पैसे घेतलेले नाहीत, तो नवखा. मग दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा पस्तिशीतला माणूसही येऊ शकतो, अंगणवाडी सेविकाही येऊ शकते. शाळकरी आणि मोठे असे दोन गट करा, त्याहून जास्त नकोत. संघ दोघांचा किंवा तिघांचा असावा. चौथा बहुधा चहा आणायच्या कामावर लागतो.

तारखेला मात्र वेळ द्या, कारण गोव्यात मोकळा शनिवार शोधणे सोपे नाही. जून ते सप्टेंबर पाऊस आणि विजेचा लपंडाव. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, अलीकडे-पलीकडे कोणाला बोलावू नका, येणार नाहीत. दिवाळीआधीचे दोन आठवडे तर विसराच. वायरिंग, मोटर आणि एलईडीत ज्यांचा हात चालतो ती सगळी पोरे दिवाळीत जाळायच्या नरकासुराचा पुतळा उभारायला मांडवात रात्र काढत असतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे सेंट झेवियरचे फेस्त, १९ला मुक्तिदिन, मग नाताळ. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. उरते ते असे: दिवाळी उरकली की नोंदणी, डिसेंबरच्या सुरुवातीला कार्यशाळा, जानेवारीच्या मध्यावर अंतिम फेरी. यातही पंचांग उघडून गावागावांतल्या जत्रांच्या तिथी बघा. फोंडा महालात जत्रेच्या दिवशी अर्धे स्पर्धक आणि निम्मे परीक्षक देवळात असतात.

चोवीस तासांचे हॅकेथॉन करू नका. ते दिसायला झकास दिसते, फोटो चांगले येतात, पण नवख्याला त्यातून झोपमोडीपलीकडे काही मिळत नाही. पहिले ॲप बनवणाऱ्याला अडल्यावर दोन दिवस विचार करायला मिळायला हवेत. शिवाय उत्तर टोकाच्या पेडण्याहून आणि दक्षिण टोकाच्या काणकोणहून येणाऱ्यांना बस बदलत यायचे असते, आणि सत्तरीतल्या आतल्या गावांना संध्याकाळनंतर बस मिळेलच असे नाही. म्हणून अंतिम फेरी मधोमध, फोंड्यात ठेवा, सकाळी दहाला सुरू करा आणि चारला बक्षिसे वाटून मोकळे व्हा. पाहुण्यांची भाषणे त्याआधीच, दहा मिनिटांत.

विषय दिल्याशिवाय स्पर्धा जाहीर करू नका. ‘काहीही बनवा’ म्हटले की तीस संघांपैकी वीस संघ कॅल्क्युलेटर आणि प्रश्नमंजूषा घेऊन येतात. त्यापेक्षा ‘आपल्या वाड्यावरची एक अडचण’ म्हणा, आणि उदाहरणेही तुम्हीच द्या. काजूच्या हंगामात रोज किती किलो बिया दिल्या, कोणत्या दराने दिल्या आणि किती पैसे यायचे राहिले याचा हिशेब. खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारे कधी उघडली-मिटली याची नोंद. तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणाऱ्यांसाठी ओहोटीची वेळ. भजनी मंडळाच्या पाळ्या. अशा ॲपला सर्व्हर लागत नाही, ते इंटरनेटविना चालते, आणि सांगे-सत्तरीत रेंज जाते तिथेही उपयोगी पडते. ‘इंटरनेट बंद असताना ॲप चालले पाहिजे’ ही अट मी तरी नियमातच घालीन. माहिती कुठून आणली हेही अर्जात विचारा. बसच्या वेळा मनाने भरलेले ॲप कितीही देखणे असले तरी त्याच्या भरवशावर कोणी थांब्यावर उभा राहिला तर शिव्याच देणार.

आता साधने. शाळकरी गटाला ॲप इन्व्हेंटर द्या. २०१० साली गूगलमध्ये जन्मलेले आणि पुढे एमआयटीने सांभाळलेले हे साधन ब्राउझरमध्येच चालते, ठोकळे जोडून ॲप तयार होते आणि जुन्या संगणकावरही अडत नाही. ज्यांचे गूगल खाते नाही त्यांच्यासाठी परतीचा कोड देणारी वेगळी वाटही आहे. मात्र तो कोड वहीत लिहून घ्यायला लावा, हरवला की काम गेले. मोठ्यांना कोटलिन ही भाषा, फ्लटर हे साधन, जे येते ते वापरू द्या, पण अँड्रॉइडपुरतेच. आयफोनसाठी मॅक लागतो आणि ॲप स्टोअरसाठी वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे नवख्यांच्या स्पर्धेत तो विषयच नको.

मोठा गट ज्यात ॲप लिहितो त्या अँड्रॉइड स्टुडिओचे ओझे कमी लेखू नका. ८ जीबी रॅम ही अगदी खालची पायरी, आणि त्यावर एम्युलेटरही (पडद्यावरचा नकली फोन) सुरू केला की लॅपटॉपचा पंखा गरगरू लागतो. कार्यशाळेत एम्युलेटरचे नावच काढू नका, थेट फोन जोडायला शिकवा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचे, मग केबलने ॲप थेट फोनवर चढते. आणि केबल! स्वस्तातल्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. मुले ड्रायव्हर शोधत तास घालवतात आणि दोष निघतो तारेत. तपासून ठेवलेल्या पाच-सहा केबल, त्यांना लाल चिकटपट्टी लावून, आपल्याजवळ असू द्या. सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. इन्स्टॉलर, एसडीके (अँड्रॉइडचा साधनसंच) आणि पहिल्या बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडचे ॲप बनताना, ग्रेडल हा जुळणी करणारा प्रोग्रॅम जे ओढून घेतो ते सगळे धरून एका लॅपटॉपमागे काही जीबी होतात. तीस जणांनी ते एकाच वेळी कॉलेजच्या वायफायवरून ओढायला घेतले तर दुपारपर्यंत कोणाचेच होत नाही. म्हणून प्रत्येक लॅपटॉपवर एक रिकामा प्रकल्प आदल्या आठवड्यातच बिल्ड करून घ्या.

वायफायची आणखी एक खोड. ॲप इन्व्हेंटरचा कंपॅनियन (बनत असलेले ॲप लगेच दाखवणारा जोडीदार) फोनवर चालवायचा तर फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर लागतात. पण कित्येक संस्थांच्या वायफायवर जोडलेली उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशी व्यवस्था असते. जोडणीचा कोड बरोबर, नेटवर्क तेच, तरी जोडणी होत नाही. तिथल्या संगणकाच्या माणसाला आधी गाठून विचारा, नाही जमले तर एखाद्या फोनचा हॉटस्पॉट काढा.

विजेचा हिशेबही घाला. चाळीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅटचा चार्जर, म्हणजे २६०० वॅट. भिंतीतला ६ ॲम्पियरचा साधा सॉकेट फार तर १३८० वॅट सोसतो. एकाला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडत गेलात तर ट्रिप होणारच. वायरमनकडून दोन-तीन वेगळ्या लाइनींवर बोर्ड घ्या आणि पंखे-एसी त्यात मिसळू देऊ नका.

परीक्षणासाठी फोन कोणता, हे नियमपत्रात छापा. स्पर्धकाच्या स्वतःच्या फोनवर सगळेच चालते. परीक्षकांपुढे तीन फोन ठेवा: एक बऱ्यापैकी नवा, एक चार-पाच वर्षांचा जुना, आणि एक मराठीत लावलेला. या तिसऱ्यावर खरी गंमत होते. कोटलिनमध्ये किंवा जावात आकडा मजकुरात बसवताना लोकेल (कोणत्या भाषेची पद्धत ते) सांगितले नाही तर फोनची भाषा धरली जाते, आणि ती मराठी असली की इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक होतात. पडद्यावर ते छानच दिसते. पण तीच तारीख साठवणीत देवनागरीत गेली आणि शोध इंग्रजी अंकांनी घेतला, की काल नोंदवलेला हिशेब आज सापडत नाही. मुले म्हणतात, ‘सर, घरी तर चालत होते.’ चालत असणारच, घरचा फोन इंग्रजीत होता. ही गोष्ट अंतिम फेरीत पकडून गुण कापण्यापेक्षा कार्यशाळेतच दाखवून द्या. तसेच वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार बटणाच्या कडेने कापले जातात का ते बघायला लावा. नोटो सान्स देवनागरी हा टंक फुकट आहे आणि जोडाक्षरे नीट दाखवतो. ॲप मराठीत, कोंकणीत की इंग्रजीत, हे स्पर्धकावर सोडा. गोव्यात याहून जास्त काही ठरवायला गेलात तर स्पर्धा बाजूला राहील आणि वादच रंगेल.

ॲप गोळा करण्याची तयारी आदल्या रात्रीवर ढकलू नका. जीमेल एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची तयार फाइल पाठवूच देत नाही, झिप करूनही नाही. ड्राइव्हचा दुवा घ्या किंवा सरळ पेन ड्राइव्ह. आणि पॅकेजचे नाव, म्हणजे फोन ॲपला ज्या नावाने ओळखतो ते. अँड्रॉइड स्टुडिओ नवा प्रकल्प उघडताना आपणहून ‘कॉम डॉट एक्झाम्पल डॉट मायॲप्लिकेशन’ असे नाव देतो आणि नवखे ते बदलत नाहीत. पहिल्या संघाचे ॲप परीक्षकाच्या फोनवर बसते. दुसऱ्याचे बसवताना पॅकेजचा संघर्ष असल्याचा इशारा येतो आणि फोन नकार देतो, कारण नाव एक पण डिजिटल सही वेगळ्या लॅपटॉपची. पहिले ॲप काढल्याशिवाय दुसरे बसत नाही, आणि पहिले काढले की त्यात भरलेला डेटा जातो. दुपारी परीक्षक दोन ॲप समोरासमोर ठेवून बघायला मागतात तेव्हा हे निस्तरणे अवघड. म्हणून नोंदणी झाली की लगेच प्रत्येक संघाला क्रमांकासह पॅकेजचे नाव तुम्हीच नेमून द्या. फाइलला संघाचेच नाव असावे, ‘ॲप-डीबग’ नावाच्या वीस फायलींतून कोणाची कोणती हे देवालाही सांगता येणार नाही. सोबत मूळ प्रकल्पही घ्या. ॲप इन्व्हेंटरवाल्यांची एआयए फाइल, बाकीच्यांची बिल्ड फोल्डर काढून टाकलेली झिप. एपीके बसवताना अँड्रॉइड ‘अनोळखी ॲप’ची परवानगी मागतो, ती तिन्ही फोनवर आधी देऊन ठेवा.

परीक्षक तीन पुरेत. दोन तंत्राचे, आणि तिसरा किंवा तिसरी अशी की जिला ॲपशी काही देणेघेणे नाही: बागायतदार, नर्स, मासळी बाजारातली एखादी बाय. तिच्या हातात फोन द्यायचा आणि स्पर्धकाने गप्प बसायचे. दोन मिनिटांत तिला काय करायचे ते कळले नाही तर गुण तिथेच गेले. चॅटजीपीटीसारख्या साधनांना बंदी घालू नका, पाळली जाणार नाही आणि सिद्धही करता येणार नाही. त्याऐवजी पाच मिनिटे समोर बसवून एखादा छोटा बदल करायला सांगा: या यादीतली सर्वांत जुनी नोंद वर आण, किंवा दर रिकामा ठेवला तर इशारा दे. ज्याने कोड समजून घेतला आहे तो कुठे हात घालायचा ते लगेच दाखवतो. बदल पुरा नाही झाला तरी चालेल. गुणतक्ता स्पर्धकांना नोंदणीच्या दिवशीच द्या, त्यात देखणेपणाला सर्वांत कमी गुण ठेवा.

अर्जात जेवढे लागते तेवढेच विचारा. आधार क्रमांक कशाला हवा? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो. म्हणून शाळकरी गटाच्या अर्जावर पालकांची सही, आणि फोटो छापायचे असतील तर त्याची वेगळी सही. ॲपची मालकी बनवणाऱ्याचीच, हे वाक्य अर्जात ठळक असू द्या. प्रायोजकाला ते खटकले तर दुसरा प्रायोजक बघा.

खाण्याचे फार अवघड नाही. सकाळी पातळ भाजी आणि उंडे (गोव्याचे गोल पाव), दुपारी साधे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, मात्र आदल्या दिवशी सांगा, शंभर उंडे ऐनवेळी मिळत नाहीत.

बक्षिसात रोख रकमेपेक्षा चांगली डेटा केबल, मेमरी आणि प्ले स्टोअरचे नोंदणी शुल्क द्या. ते एकदाच भरायचे असते, २५ डॉलर. खाते उघडायला वय १८ लागते, तेव्हा शाळकरी विजेत्यासाठी पालकाशी आधी बोला. ‘विजेते ॲप आठवड्याभरात प्ले स्टोअरवर’ असे पत्रकात चुकूनही छापू नका. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण नवख्याला एकट्याने मिळत नाहीत. निकाल लागला की स्पर्धेचा व्हॉट्सॲप ग्रुप लगेच मोडू नका. हरलेल्या संघांतल्या ज्यांची तयारी असेल त्यांची नावे त्याच दिवशी, बस पकडायला निघण्याआधी, चाचणीच्या यादीत लिहून घ्या.