पीएक्सआर जागा झाला का, हे यकृताच्या पेशींना कसं विचारायचं

एक औषध सुरू केल्यावर दुसऱ्याचा गुण येईनासा होतो, तेव्हा बरेचदा यकृतात औषधं मोडणारं सिप ३ए४ हे एन्झाइम वाढलेलं असतं. हुकूम पीएक्सआरचा, म्हणजे औषधं ओळखून जनुकं चालू करणाऱ्या पेशीतल्या एका प्रथिनाचा. औषधाचा रेणू त्याच्या खोबणीत बसला, की तो आरएक्सआर या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून डीएनएवर ठाण मांडतो आणि सिप ३ए४च्या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे एन्झाइम बनवण्याचा निरोप, बनायला लागतो. खोबण मोठी आणि लवचिक, म्हणून एकमेकांशी काडीचं साम्य नसलेली औषधंही तीत मावतात.

आधी उंदरावर करून बघू, असं म्हणू नका. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध माणसाचा पीएक्सआर जोरात चालू करतं, उंदराच्या पीएक्सआरला ते फारसं जाणवतही नाही. हेपजी२ या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशी वाढवायला सोप्या, पण त्यांच्यात सिप ३ए४ अगदीच कमी. गोठवलेल्या मानवी यकृतपेशीच घ्या, निदान तीन दात्यांच्या. प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा असतो.

गोठवलेल्या पेशींची नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि बर्फाचा बारीक खडा उरला असतानाच बाहेर काढा. पिपेट रुंद तोंडाचं हवं, पेशी नाजूक असतात. कोलॅजन लावलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी त्या फरशा बसवल्यासारख्या दिसायला हव्यात: कोनदार, कडा उजळ, काहींत दोन-दोन केंद्रकं. गोल होऊन तरंगत असतील तर प्लेट टाकून द्या. जीव तुटतो, पण टाका.

मग दोन ते तीन दिवस तपासायचं औषध, रोज ताज्या माध्यमातून, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवातून. औषध ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ सगळ्या विहिरींत (प्लेटच्या खळग्यांत) सारखंच, ०.१ टक्का. सोबत तुलनेसाठी १० मायक्रोमोलर रिफाम्पिसिनच्या विहिरी हव्यातच.

माध्यमातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडकडे डोळ्यांत तेल घालून बघा. १०० नॅनोमोलरला ते पेशींतला पीएक्सआर टिकवून धरतं. एकदा माझ्या हातून नॅनोच्या जागी मायक्रो झालं. एवढ्या मात्रेत ते स्वतःच पीएक्सआर चालू करतं. कंट्रोलच, म्हणजे नुसत्या डीएमएसओच्या विहिरीच, वर गेल्या, रिफाम्पिसिनची वाढ नगण्य दिसली आणि मी आठवडाभर एमआरएनए मोजायच्या पीसीआरचे प्रायमर बदलत बसले. तेव्हापासून पटींचा हिशेब करण्याआधी मी कंट्रोलचे पीसीआरमधले कच्चे सीटी आकडे बघते (आकडा जितका लहान, तितका एमआरएनए जास्त).

एमआरएनए मोजाच, पण सिप ३ए४ मोडतं त्या मिडाझोलाम या औषधावर एन्झाइमचं कामही तपासा. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीचं औषध एमआरएनए वाढवतं आणि त्याच वेळी एन्झाइम बंद पाडतं. एकच बाजू बघितली तर फसाल.

सिप २बी६ या दुसऱ्या एन्झाइमचा एमआरएनएही मोजा. ते मुख्यतः कार या पीएक्सआरच्या भाईबंद प्रथिनाचं जनुक, तरी पीएक्सआरही ते चालवतो, त्यामुळे नुसत्या २बी६च्या वाढीवरून कारचं नाव घेऊ नका. फेनोबार्बिटालसारखी औषधं तर कारला न चिकटताच, त्याच्यावरचा फॉस्फेट निघेल अशी व्यवस्था करून, त्याला केंद्रकात पाठवतात.

मात्रेबरोबर एमआरएनए चढत जाऊन दुपटीवर गेला, तर औषध प्रेरक, म्हणजे एन्झाइम वाढवणारं, धरा. सगळ्यात मोठ्या मात्रेला आकडा एकदम कोसळला, तर आधी त्या विहिरी सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि माध्यमातलं एलडीएच (मरणाऱ्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा. पेशी मरत असतील, तर तो बिंदू धरू नका.