जुन्या स्पोर्ट्स कारच्या चाकांचं अलाइनमेंट कोणाकडे करावं?

भाऊ, एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश गाडी चकाचक सेंटरला नेऊन उपयोग नाही, कम्प्युटरमध्ये तिचा डेटाच नसला की पोरगा दुसऱ्याच गाडीचे आकडे लावून मोकळा होतो, माझे नवे टायर असेच आतून खरडले. नागपुरात वाडीकडे, अमरावती रोडला, जुन्या जीपा केलेले मिस्त्री शोधा अन् आधी विचारा, "किंगपिनचा प्ले बघता का?" (म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिचा ढिलेपणा.) जो चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून बघतो तो आपला माणूस. एमजीबीला पुढे फक्त टो-इन (चाकं समोरून किती आत वळलेली) सेट होतो, दीड ते सव्वादोन मिलिमीटर, कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) अ‍ॅडजस्टमेंटच नाही, मागे तर अख्खा एकसंध अ‍ॅक्सल, तिथे सेट करायला काहीच नाही. टो-इनचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या अन् तेवढा वेळ चहाला जाऊ नका.