मर्गाचे कागद तपासायला निघण्याआधी

फवारणीचं औषध पिऊन झालेल्या मृत्यूंच्या अभ्यासासाठी मर्गाचे, म्हणजे पोलिसांकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीचे, कागद बघायचे तर काय काय लागतं? पोलीस अधीक्षकांचं पत्र, जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र, नैतिकता समितीची मंजुरी. हे कोणी विसरत नाही. सीए रिपोर्ट, म्हणजे विषाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, मात्र विसरतो. गेल्या खेपेला मी नुसते पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट गोळा केले आणि बहुतेकांवर एकच ओळ निघाली, ‘व्हिसेरा राखून ठेवला, अभिप्राय राखीव’. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने. फवारणीचं कोणतं औषध, याचा पत्ताच नाही. नाव कळल्याशिवाय कोणत्या औषधाची विक्री आवळा म्हणून कृषी विभागाला सांगणार? श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

सीए रिपोर्ट ग्रामीण रुग्णालयात शोधू नका. व्हिसेरा नागपूर-अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल महिनोन्महिन्यांनी ठाण्यात येतो. मर्ग नंबरच्या शेजारीच सीए रिपोर्टचा रकाना आखा. रिकामा राहिला तर पुन्हा ठाण्यात जा, पुन्हा मागा. पेशंट नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दगावला असेल तर मर्ग आधी तिथल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदला जातो आणि मग गावच्या ठाण्याकडे येतो. या हस्तांतरात सीए रिपोर्ट हमखास मागे राहतो, तेव्हा दोन्ही ठाण्यांत विचारा. आणि रिपोर्ट निरंक आला म्हणून विष नव्हतं असं लिहू नका. बरेच दिवस उपचार चालले असतील तर अंश सापडत नाही. मग पंचनाम्यातला डब्याचा उल्लेख आणि भरतीच्या वेळचा केसपेपर बघा.

तहसीलमधल्या शेतकरी आत्महत्यांच्या पात्र-अपात्र यादीवर विसंबू नका. ती 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे मदत देण्यासाठी आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या बाया, मजूर, पोरं तिच्यात बऱ्याचदा सापडत नाहीत, मर्गाच्या रजिस्टरमध्ये सापडतात.

घरी जायचं ते आशाताईंना सोबत घेऊन, आधी निरोप धाडून, तेरवीनंतर बरेच दिवस जाऊ देऊन. ‘कर्ज किती होतं’ हा पहिला प्रश्न नको. लोक त्याला कंटाळलेत, शिवाय मदतीची माणसं आली असा गैरसमज होतो. औषध घरात कुठे ठेवायचे, कोणाच्या हाताशी होतं, तेवढं सावकाश विचारा. शेजारी बसलेले असतील तर तेही नको.

नावांऐवजी कोड. फोटो काढू नका. घरात आणखी कोणी खचलेलं दिसलं तर फॉर्म बाजूला ठेवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लावून द्या आणि आशाताईंना सांगूनच निघा.