साबण झिजतोय का बघा: वृद्धाश्रमात आपल्या माणसाची हेळसांड होतेय हे कसं ओळखायचं

माझी आत्या दोन वर्षं पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये होती. नाव सांगत नाही. रिसेप्शनला गणपती, ताजी फुलं, भिंतीवर वाढदिवसाच्या केक कापण्याचे फोटो, सगळं छान. मी दर महिन्याला सामान घेऊन जायचे, तेल, पावडर, साबण, डायपर, आणि चौथ्या महिन्यात सहज तिचं कपाट आवरायला घेतलं तर पहिल्या महिन्यात दिलेली साबणाची वडी तिथेच, वरचं कोरलेलं नाव अजून वाचता येत होतं. रजिस्टरमध्ये मात्र रोज आंघोळीपुढे टिक.

आधी एक सांगते, आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं, मी ते म्हणत नाहीये. मी वृद्धाश्रम, केअर सेंटर, 'बेडरिडन पेशंट घेतले जातील' अशी पाटी लावलेल्या बंगल्यांबद्दल बोलतेय. मारहाण झाली तर निदान वळ दिसतो हो. हेळसांड म्हणजे न घडलेल्या गोष्टी, न घातलेली आंघोळ, न बदललेली कूस, न दिलेलं पाणी, आणि जे घडलंच नाही ते दिसणार कसं, म्हणून ते मोजायला लागतं.

पायरी १: जायची वेळ बदला

रविवारी सकाळी अकराला सगळेच जातात आणि त्या वेळी सगळेच न्हाऊन-माखून बसवलेले असतात. तुम्ही जेवणाच्या वेळी जा. ताट समोर ठेवून गेले की भरवायला कोणी बसलंय, आणि अर्ध्या तासाने तेच ताट तसंच उचललं जातंय का, हे बघा. कधी संध्याकाळी सातला जा, कधी मधल्या वारी न सांगता. नातेवाईकांनी फक्त ठरलेल्या तासातच यायचं, तेही फोन करूनच, असा कडक नियम असेल तर का आहे ते विचारा. इन्फेक्शनची साथ असेल तर समजू शकतं, बारा महिने तसं असेल तर नाही.

रात्री किती बेडला किती माणसं असतात हा प्रश्न थेट विचारा, आणि मॅनेजरला नाही, तिथे पेशंटचं करणाऱ्या मावशींना विचारा. आणि गणपती, शिमगा, दिवाळी, गावच्या जत्रा ह्या दिवसांत मुद्दाम चक्कर मारा कारण अर्धा स्टाफ गावी गेलेला असतो आणि बदली म्हणून ब्युरोतून, म्हणजे कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, आलेल्या मुलीला कोणाला शुगर आहे, कोणाला गिळायला त्रास होतो काही माहिती नसतं. आमच्या आत्याचं जे बिघडलं ते गणपतीतल्या आठ दिवसांत.

पायरी २: कपाट उघडा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण ह्यात कोणाशी भांडायला लागत नाही.

डायपरचा हिशोब करा. पूर्ण वेळ डायपरवर असलेल्या माणसाला दिवसाला साधारण तीन-चार लागतात, म्हणजे महिन्याला ९० ते १२०, म्हणजे दहाच्या पाकिटांत ९ ते १२. तुम्ही दहा पाकिटं दिलीत आणि महिन्याअखेर पाच शिल्लक, तर ती बचत नाहीये, त्याचा अर्थ आपलं माणूस ओल्यात पडून होतं. उलट पंधरा दिवसांतच संपले तर ते दुसऱ्या कोणाला वापरले जातायत. दोन्हींवर विचारायचं.

गोळ्यांच्या पट्ट्या मोजा, कधी आणल्या ते बिलावर असतंच, रोजची एक गोळी असेल तर आज किती उरायला हव्यात हे पाचवीतलं गणित आहे. कानाच्या मशीनचा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो, सेलचं पाकीट दोन महिने न फोडलेलं असेल तर मशीन कानात जातच नाहीये. मग आजोबा कोणाशी बोलत नाहीत, डिमेन्शिया वाढलाय असं आपल्याला सांगितलं जातं! कवळी, चष्मा जागेवर आहे का बघा. कवळी हरवलेली असते आणि जेवण मऊ केलेलं नसतं, हे मी दोन ठिकाणी बघितलंय.

पायरी ३: पांघरूण बाजूला करा

लाज वाटते, मान्य. बाईमाणसाचं बाईने, पुरुषाचं पुरुषाने बघावं, पण बघावं. माकडहाड, कंबरेची दोन्ही हाडं, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू, बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा, इथूनच सुरू होतात. जागा लाल दिसली तर बोटाने दाबा, बोट काढल्यावर रंग जाऊन परत आला तर ठीक, लाल तशीच राहिली तर ती सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का, जांभळट डाग आहे का. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर मॅट्रेस असेल तर पंप चालू आहे का बघा, हसू नका, मी गेले तेव्हा त्याच बोर्डवर कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला होता आणि गादी बसलेली. बेडसोअर झाला म्हणजे हेळसांड झालीच असं दर वेळी नसतं, फार खंगलेल्या माणसाला काळजी घेऊनही होतो, पण मग त्याची नोंद, ड्रेसिंग, डॉक्टरची व्हिजिट फाईलमध्ये असते. कोणालाच माहिती नव्हतं, तुम्हीच पहिल्यांदा बघितला, तर मग प्रश्न आहे.

तोंड उघडून जीभ बघा, कोरडी-भेगाळलेली असेल, लघवीच्या पिशवीत गडद चहासारखा रंग असेल, तर पाणी कमी पडतंय. पाण्याचा ग्लास कुठे ठेवलाय, हाताशी की खिडकीत? बेल हाताशी आहे की कॉटच्या मागे लोंबकळतेय? पायाची नखं बघा, हाताची नखं भेटायच्या दिवशी कापतात, पायाची राहतात. जांघेत, स्तनांखाली रॅश, मनगटावर बांधल्याची रेघ.

काळेनिळे डाग दिसले की लगेच आरडाओरडा नको. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असली की हातावर साध्या धक्क्यानेही डाग पडतात. पण दंडावर आतल्या बाजूला बोटांसारखे, किंवा दोन्ही हातांवर सारखे डाग असतील तर डॉक्टरला दाखवा.

वजन दर महिन्याला लिहून घ्या. एका महिन्यात पाच टक्के म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो गेलं तर डॉक्टरने बघायलाच हवं. काटा नसेल तर बांगडी बघा, कोपरापर्यंत चढायला लागली का.

आणि माणूस अचानक बरळायला लागला, किंवा दिवसभर नुसता झोपलेला असेल तर 'वय झालं आता' हे उत्तर घेऊ नका. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं ह्याने म्हातारी माणसं दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी होतात आणि उपचाराने परत ठीक होऊ शकतात. झोपेची गोळी कोणाच्या प्रिस्क्रिप्शनने आणि कधीपासून, तो कागद मागा. रात्रपाळीला माणसं कमी असली की गोळीवर काम भागवायचा मोह होतो.

पायरी ४: 'कशी आहेस' विचारू नका

त्याचं उत्तर 'छान आहे' हेच येतं. आत्या म्हणायची, "बायका चांगल्या आहेत गं, त्यांना तरी किती कामं." तक्रार केली आणि तू निघून गेलीस की मग रात्री माझं काय, हे त्यामागे असतं, शिवाय आपण घरी नेऊ शकत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. म्हणून मावशी खोलीत नसताना बारीक प्रश्न विचारा. आज अंघोळ कोणी घातली, पाणी गरम होतं का, सकाळी नाश्त्याला काय होतं, रात्री बाथरूमला जायचं असेल तर कोणाला हाक मारतेस, किती वेळाने येतात. डिमेन्शिया असेल तर 'मला दोन दिवस जेवायला दिलं नाही' हे खरं असेलच असं नाही, पण खोटंच धरू नका, वजनाशी ताडून बघा. ठराविक माणूस आत आला की अंग चोरलं जातंय का तेही बघा.

आणि शेजारच्या कॉटवरच्या आजींशी गप्पा मारा, त्यांना जरा चिवडा-बिवडा न्या. त्यांना सगळं माहिती असतं.

परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा बघू नका, फोन फिरवून पाय दाखवा, टेबल दाखवा, आजचं ताट दाखवा म्हणा, आणि दर वेळी त्याच टी-शर्टात दिसतायत का लक्ष ठेवा. महिन्यातून एकदा गावातला कोणीतरी चुलतभाऊ, जुना शेजारी, कोणीही, प्रत्यक्ष जायलाच हवा. त्याला पेट्रोलचे पैसे द्या बिनधास्त.

पायरी ५: लिहा, मग बोला

एक वही करा. तारीख, वेळ, काय दिसलं, ड्युटीवर कोण होतं, फोटो. एकदा नखं राहिली ही चूक, चार भेटींत चारदा तेच ही हेळसांड, आणि हा फरक वहीशिवाय सिद्ध होत नाही, आपल्यालाच वाटायला लागतं की आपण उगाच संशय घेतोय.

मावशींवर ओरडू नका. बारा तासांची ड्युटी आणि वीस माणसं एकीच्या गळ्यात, तिने तरी काय करायचं. मॅनेजरशी बोला, त्याच दिवशी तेच ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा आणि तारीख द्या, अमुक दिवसापर्यंत काय बदलणार. ट्रस्ट असेल तर ट्रस्टींनाही पाठवा.

पण जखम खोल आहे, वास येतोय, ताप आहे, माणूस उठत नाही, अशा वेळी पत्रव्यवहार करत बसू नका. आधी हॉस्पिटल, बाकी सगळं नंतर. तिथल्या डॉक्टरांना जखमेचं माप आणि स्थिती केसपेपरवर लिहायला सांगा, पुढे तोच कागद कामाला येतो.

तक्रार कुठे करायची: ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. तातडीचं असेल तर ११२. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज. तुम्ही पैसे भरून सेवा घेतलीय, तेव्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, त्याची हेल्पलाइन १९१५. सगळे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं नाव घेतात, पण त्याचा मुख्य भर मुलांकडून-नातेवाईकांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चावर आहे. इथे जास्त लागू पडणारं कलम भारतीय न्याय संहितेचं ३५७: असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून जाणूनबुजून ती न करणं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कमीच आहे, पण आधीच्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे जुन्या आयपीसीत, ह्याच गुन्ह्याला दंड २०० रुपये होता. पोलीस ठाण्यात हे कलम माहिती असेल असं धरून जाऊ नका, आकडा लिहून न्या.

पायरी ६: हलवायचं ठरलं तर

दुसरीकडे बेड पक्का होईपर्यंत इथे मोठा आवाज करू नका, आपलं माणूस अजून त्यांच्याच हातात आहे. फाईल, औषधांची यादी, शेवटच्या आठवड्याचा बीपी-शुगरचा चार्ट, डिपॉझिटची पावती, सगळ्याचे आधीच फोटो काढून ठेवा. नव्या जागी पोचल्यावर पहिल्या तासात तिथल्या सिस्टरसमोर अंग तपासून घ्या आणि कुठे काय आहे ते त्यांच्याच कागदावर लिहून सही घ्या, नाहीतर महिन्याने ही जखम कोणाकडची ह्यावर दोघंही हात वर करतात. आणि जाताना नवा साबण न्या, वडी कधी फोडली ते वहीत लिहा.