ध्वजस्तंभ किती उंच? दहावीच्या त्रिकोणमितीसाठी मैदानावरचे दोन तास

पुस्तकातलं झाड वादळात मोडलं तरी नेमका ३० किंवा ६० अंशांचा कोन करूनच मोडतं, आणि शिडीही भिंतीला त्याच शिस्तीत टेकते. मुलं अशी उदाहरणं धडाधड सोडवतात. पण ‘उन्नत कोन म्हणजे नक्की कुठला रे?’ असं विचारलं की अर्धा वर्ग छताकडे बघतो. (डोळ्यांपासूनची आडवी रेषा आणि वरच्या टोकाकडे जाणारी नजरेची रेषा, यांच्यातला तो कोन.) म्हणून त्रिकोणमितीचं उपयोजन सुरू करायच्या आधी मी मुलांना ध्वजस्तंभापाशी नेतो. लागोपाठच्या दोन तासिका हव्यात. एकाच तासात उरकायला गेलात तर निम्मा वेळ चपला घालण्यात आणि रांगा लावण्यात जाईल.

आदल्या दिवशी: साधन बनवणं

चौघांचा एक गट. प्रत्येक गटाला लागेल एक कोनमापक, स्ट्रॉ किंवा रिकाम्या बॉलपेनची नळी, वीतभर दोरा, एक लोखंडी नट आणि चिकटपट्टी. कोनमापकाच्या सरळ कडेवर नळी चिकटवायची. मध्यबिंदूपाशी छिद्र असतंच, त्यातून दोरा ओवून खाली नट बांधायचा. छिद्र नसेल तर दोरा चिकटपट्टीने बरोबर मध्यबिंदूवर बसवा. कर्कटकाच्या टोकाने भोक पाडायचा मोह आवरा, प्लॅस्टिक तडकतं. नट जरा जड घ्या, हलका दोरा वाऱ्यावर नाचत राहतो. ज्यांच्या घरी गवंडीकाम आहे ती मुलं हे बघताच म्हणतात, ‘सर, हा तर ओळंबा!’ बरोबर आहे, ओळंबाच आहे तो, फक्त अंश दाखवणारा.

मैदानावर: आधी ४५ अंश

मुलांच्या हातात लगेच tan ची (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) मूल्यं देऊ नका. चौरस कागद कर्णावर दुमडायला सांगा. तयार झालेल्या त्रिकोणाची एक काटकोनी बाजू जमिनीला समांतर धरायची, दुसरी स्तंभाच्या बाजूला उभी, आणि डोळ्याजवळच्या टोकातून कर्णाच्या रेषेत वर बघायचं. स्तंभाचं टोक त्या रेषेवर येईपर्यंत मागे-पुढे सरकायचं. जिथे जमेल तिथे पाय रोवायचे आणि बुंध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. ते अंतर अधिक आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, झाली स्तंभाची उंची. यात सूत्र नाही, गुणाकारही नाही. आठवीच्या मुलांनाही हे करता येतं.

डोळ्यांची उंची मिळवायला बहुतेक गट विसरतात. मी आठवण करून देत नाही. विसरलेल्यांचं उत्तर सव्वा-दीड मीटरने कमी येतं आणि मग ते आपसातच भांडून कारण शोधतात.

आता कोन मोजा

एकाने नळीतून स्तंभाचं टोक बघायचं, दुसऱ्याने दोऱ्याकडे लक्ष ठेवायचं. झोके थांबले की दोरा अंगठ्याने कोनमापकावर दाबून धरायचा आणि मगच आकडा वाचायचा. तिसऱ्याने टेप सांभाळायची, चौथ्याने लिहायचं. दर वेळी कामं बदला, नाहीतर हुशार म्हणवणारं एकच पोर सगळं करतं. नळीतून सूर्याकडे बघायचं नाही, ही ताकीद मात्र दोनदा द्या.

इथे एक गंमत हमखास घडते. नळी आडवी असते तेव्हा दोरा ९० वर असतो. नळी ३० अंशांनी वर उचलली की तो ६० वर येतो. म्हणजे उन्नत कोन = ९० वजा दोऱ्याचा आकडा. एका गटाने १२ मीटरवरून दोऱ्याचे ६० तसेच्या तसे वापरले आणि उंची काढली २२ मीटर! सातमजली इमारतीएवढा ध्वजस्तंभ. मी फक्त विचारलं, ‘वर बघा बरं, पटतंय?’ ९० मधून वजा केल्यावर कोन ३०, मग अंतर गुणिले tan ३०°, म्हणजे १२ × ०.५७७ = ६.९२, त्यात डोळ्यांची उंची १.४०, उत्तर ८.३२ मीटर. त्या चौघांनी नंतर ही वजाबाकी कधी विसरलेली मला आठवत नाही.

tan ची लागणारी मूल्यं खडूने फळ्यावर लिहून ठेवा: २५° ला ०.४६६, ३५° ला ०.७००, ४०° ला ०.८३९, ५०° ला १.१९२, ५५° ला १.४२८. नववीचा वर्ग असेल तर tan ऐवजी वहीत १ सें.मी. = १ मी. प्रमाणात त्रिकोण काढून पट्टीने उंची मोजू द्या.

सगळ्यांची उत्तरं फळ्यावर

मला विचाराल तर या उपक्रमाचा खरा ऐवज इथे आहे. आमच्याकडे एकाच स्तंभाची उंची ७.९ पासून ९.१ मीटरपर्यंत आली. पुस्तकाच्या मागे एकच उत्तर बघायची सवय असलेली मुलं बावरतात. सरासरी काढून मोकळे होऊ नका. फरक का पडला, ते शोधू द्या. टेप ढिली होती, दोरा हलत होता, नळी वाकडी चिकटली होती, मैदानाला उतार होता.

मग एक प्रश्न टाका: जवळून मोजलेलं बरं की लांबून? २० मीटर उंच इमारत धरा. ४५ अंशांच्या जागी ४६ वाचले तर उत्तर सुमारे ०.७ मीटरने चुकतं. पण जवळ जाऊन ७० च्या जागी ७१ वाचले तर चूक १.१ मीटरच्या वर जाते. फार लांब गेलं तरी चूक वाढते. ४५ च्या आसपास ती सर्वांत कमी असते. हे सांगून टाकू नका, tan ची मूल्यं वापरून त्यांनाच हिशेब करू द्या.

खरी उंची सगळ्यात शेवटी. ध्वजाची दोरी वर कप्पीवरून जाते. पी.टी.च्या सरांची परवानगी घ्या आणि शिपाईमामांना सोबत घ्या. दोरीला बुंध्यापाशी लाल फडकं बांधायचं आणि ते कप्पीला टेकेपर्यंत दुसरी बाजू खाली ओढायची. जेवढी दोरी खाली आली, तेवढी बुंध्यापासून कप्पीपर्यंतची उंची. आमची भरली ८ मीटर ४० सें.मी. फडकं वर चढत असताना पोरं जो गलका करतात, तो शेजारच्या वर्गाला आधीच कळवून ठेवलेला बरा.

बुंध्यापर्यंत जाता येत नसेल तर

गावातली पाण्याची टाकी कुंपणात असते, तिच्या बुडापर्यंत टेप पोचत नाही. हे घरचं काम द्या. जिथून उन्नत कोन ६० अंश दिसतो तिथे खूण करायची आणि सरळ रेषेत मागे जायचं, ३० अंश होईपर्यंत. दोन खुणांमधलं अंतर गुणिले ०.८६६, त्यात डोळ्यांची उंची मिळवायची. ०.८६६ कुठून आलं, हे आकृती काढून त्यांनीच सांगायचं. एवढाच इशारा द्या की मधला त्रिकोण समद्विभुज आहे.

कुणी ‘असं खरंच कोण मोजतं’ म्हणालं, तर एव्हरेस्टचं सांगा. नेपाळमध्ये जायची मुभा नव्हती, म्हणून सर्वेक्षकांनी शंभर मैलांहून जास्त अंतरावरच्या सपाट प्रदेशातून शिखराचे कोन घेतले आणि १८५२ मध्ये सर्वेक्षण खात्यातले गणितज्ञ राधानाथ सिकदार यांनी गणित करून ते जगातलं सर्वांत उंच शिखर ठरवलं. टाकीपासून तुम्हाला तेवढं लांब जावं लागणार नाही.