जास्वंदीचे परागकण फोटोत कसे पकडायचे (४एक्स ऑब्जेक्टिव्ह आणि फोकस स्टॅकिंग)

जास्वंद बहुतेकांच्या दारात असते, गणपतीला रोज वाहतो आपण, पण मधल्या दांडीच्या टोकाला जे पाच लाल ठिपके असतात ते कधी नीट जवळून बघितलेत का? त्या कुक्षी, म्हणजे फुलाचा परागकण झेलणारा भाग. प्रत्येक म्हणजे मखमलीची इवलीशी उशी, आणि तिच्यावर पिवळे काटेरी गोळे अडकलेले असतात ते परागकण. जास्वंदीचा परागकण चांगला मोठा, ०.१ मिमीच्या वरच, म्हणून सुरुवात याच फुलाने करा.

कॅमेऱ्याला नेहमीच्या लेन्सऐवजी मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूच्या बाजूची लेन्स) लावायचं, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपचं ४एक्स, म्हणजे चौपट मोठं दाखवणारं, चालतं. त्यावर ४/०.१० आणि १६०/०.१७ असं कोरलेलं असेल तर ते स्वतःच सेन्सरवर इमेज पाडतं, मध्ये दुसरी लेन्स लागत नाही. १६० च्या जागी अनंताचं चिन्ह असेल तर मागे ट्यूब लेन्स हवी, म्हणजे २०० मिमीची टेलीफोटो वगैरे, ते सध्या सोडा. ऑब्जेक्टिव्हच्या आट्यांना आरएमएस म्हणतात, आरएमएस ते एम४२ (४२ मिमीच्या आट्यांची) रिंग घ्यायची, पुढे एम४२ च्या ट्यूब आणि शेवटी कॅमेऱ्याचा अडॅप्टर. ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून (आटे जिथे संपतात ती कड) सेन्सरपर्यंत साधारण १५० मिमी अंतर यायला हवं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंट ते सेन्सर ४४ मिमी आधीच असतं, सोनीच्या मिररलेसमध्ये १८, तेवढं वजा करून ट्यूबा लावा. आणि एक, ट्यूबच्या आत काळा वेलवेट पेपर चिकटवाच. माझे पहिले सगळे फोटो दुधाळ यायचे, मी ऑब्जेक्टिव्हला दोष देत बसलो होतो, खरं तर ट्यूबच्या चकचकीत भिंतींवरून उजेड परत येत होता.

आता स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो जोडून एक करणं, का लागतं ते. ४एक्सला एका फोटोत जेमतेम ५५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाडीचा थर शार्प येतो, म्हणजे एक परागकणसुद्धा पूर्ण मावत नाही. म्हणून ४० मायक्रॉनने पुढे सरकत सरकत फोटो काढायचे, थर एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. कुक्षीची उशी १ मिमी खोल धरली तर २५ फोटो, मागचे पुंकेसर पण हवे असतील तर ७०-८० होतात. कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या, हाताने फिरवायच्या रेलचा स्क्रू एका फेऱ्यात १ मिमी सरकत असेल तर ४० मायक्रॉन म्हणजे फेऱ्याचा पंचविसावा भाग, होतं पण हात फार जपावा लागतो. त्यापेक्षा जुना मायक्रोस्कोप मिळाला तर त्याची बारीक फोकसची चावी वापरा, बऱ्याच मायक्रोस्कोपमध्ये तिची एक रेघ २ मायक्रॉनची असते, म्हणजे २० रेघा झाल्या की एक फोटो. फूल त्याच्या स्टेजवर ठेवायचं आणि कॅमेरा वर स्टँडला घट्ट बांधायचा.

१०एक्सचा मोह होतो मला माहितीये, पण तिथे थर ९ मायक्रॉनचा, एका मिमीला दीडशेच्या आसपास फोटो, आणि स्वस्त १०एक्स फुलाच्या इतकं जवळ जातं की उजेड आत शिरायलाच जागा उरत नाही. आधी ४एक्सवर हात बसू दे.

माझ्या मते ऑब्जेक्टिव्हच्या किमतीपेक्षा उजेड जास्त महत्त्वाचा. परागकण चमकतात, नुसता फ्लॅश मारला की पांढरे जळके ठिपके पडतात. पिंगपाँगचा बॉल अर्धा कापून त्याला ऑब्जेक्टिव्हच्या मापाचं भोक पाडा, तो टोपीसारखा फुलावर धरा, आणि दोन बाजूंनी फ्लॅश बॉलवर मारा. फ्लॅश मॅन्युअलवर १/३२ ला ठेवा, फ्लॅशच्या लुकलुकण्याचा वेळ इतका कमी असतो की रस्त्यावरून ट्रक गेला तरी फोटो हलत नाही. कॅमेराही पूर्ण मॅन्युअल, व्हाइट बॅलन्ससुद्धा फिक्स, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि स्टॅक डागाळतो.

फूल सकाळी उमललं की लगेच आणा, संध्याकाळी ते मिटायला लागतं. पाकळ्या काढून टाका, देठ पाण्यात भिजलेल्या कापसात गुंडाळा आणि क्लिपमध्ये अडकवा, मग दहा मिनिटं तसंच राहू द्या, कारण कापल्यावर फूल थोडं सरकत राहतं, डोळ्याला कळत नाही पण स्टॅकमध्ये कुक्षीवरच्या बारीक केसांच्या दुहेरी कडा दिसतात. पंखा बंद. ऑब्जेक्टिव्हच्या सगळ्यात जवळचं टोक शार्प होण्याच्या जरा आधीपासून सुरुवात करा, मागचं टोक धूसर झाल्यावरच थांबा, आणि दर वेळी चावी फिरवली की दोन-तीन सेकंद थांबून रिमोटने क्लिक करा.

फोटो जोडायला झिरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस ही सॉफ्टवेअर, फुकटात पिकोले. झिरीनमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत. कुक्षीवर केस एकमेकांवरून आडवेतिडवे गेलेले असतात तिथे पीमॅक्सच लागतं, पण त्याने नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वाढतो, आणि दांडीच्या गुळगुळीत भागाला डीमॅप छान. मी दोन्ही काढतो आणि पीमॅक्समधले केस रिटच करून डीमॅपवर आणतो, तासभर जातो त्यात.

मग पूर्ण झूम करून एकेक परागकण बघा. सगळीकडून सारखे काटे, आणि लाल केसांच्या टोकांमध्ये तो अगदी घट्ट रुतलेला दिसतो.