छऱ्याची बंदूक एका जागी मारायला हवी असेल तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं फिटिंगचं काम आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत ब्राँझ जिंकलं आणि इथल्या माळ्यांवरच्या जुन्या छऱ्याच्या बंदुका भराभर खाली उतरल्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हापासून या गावाला नेमबाजीचं वेड आहेच. पोरं बंदूक घेऊन येतात आणि एकच वाक्य बोलतात, "मामा, छरा कुठंबी जातोय, नळी वाकडी झालीय काय बघा की."

नळी क्वचितच वाकडी असते. दोष जवळजवळ नेहमी दुसरीकडं असतो आणि तो घरी सापडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बोलतोय ते नळी मोडून छरा भरायच्या, स्प्रिंगच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलबद्दल, आणि घरी करायचं ते लाकडाचं आणि जुळवणीचं काम. दारूवर चालणारी बंदूक घरी बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, तसलं काम कुणी आणलं तर मी हात लावत नाही. शिकारीचा विषय तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपवला. दाजीपूरचं जंगल संस्थानच्या काळात शिकारीसाठी राखलेलं होतं, आता तिथं गवे बघायला जायचं. आपलं निशाण कागदावर.

टेपनं मोजून दहा मीटर घ्या. मागं जाड लाकडी पेटीत जुन्या चिंध्या ठासून भरा, कारण शिशाचा छरा दगडी भिंतीवरून उलटा येतो. डोळ्याला चष्मा हवाच. पाच छरे एकाच बिंदूवर नेम धरून मारा, मध्येच साईट, म्हणजे नेम धरायची खाच, फिरवू नका. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर कॅलिपरनं मोजा आणि त्यातून छऱ्याचे साडेचार मिलिमीटर वजा करा. हा तुमचा गट. असे चार-पाच कागद तारीख घालून ठेवा. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि नऊचं वर्तुळ साडेपाचचं असतं, म्हणजे पाच मिलिमीटरचा फरक किती महाग पडतो ते दिसेल. गट कोपऱ्यात पण घट्ट पडत असेल तर बंदूक उत्तम आहे. गट विखुरलेला असेल तर पुढचं वाचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशानं फरक पडला ते कळत नाही.

पहिल्यांदा स्क्रू. दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाच्या, पुढच्या बाजूचे दोन आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंगच्या धक्क्यानं ते ढिले होतातच. काढा, तेल पुसा, निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावा, बेतानं आवळा. लाकूड दबेपर्यंत आवळायचं नाही.

मग नळीचा जोड. नळी अर्धी मोडून सोडली तर जिथल्या तिथं थांबली पाहिजे. आपोआप खाली पडत असेल तर बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. नळी बंद करून जोडावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि छरा भरून मारा. पट्टी उडाली तर वायसर गेलाय, तिथून हवा गळतेय.

आता दस्ता, माझं आवडीचं काम. जुना तडकलेला असतो म्हणून बरेच जण सुताराकडून सागवानाचा नवा करून घेतात. दिसायला झकास, पण गट पहिल्यापेक्षा वाईट. कारण लाकूड लोखंडाला एकाच ठिकाणी टेकतं आणि प्रत्येक बारला बंदूक थोडी वेगळी बसते. त्यासाठी दिव्यावर वाटी धरून काजळी धरा, तिच्यात थेंबभर तेल कालवून सिलिंडरच्या खालच्या अंगाला पातळ पुसा. बंदूक दस्त्यात सरळ खाली बसवा, सरळच उचला. लाकडावर काळे डाग उमटतील, तेच उंचवटे. धारदार पटाशीनं तेवढेच खरवडा, केसाइतके. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं. दोन्ही कडांना लांबवर सारखा काळा पट्टा आला की थांबा. याला अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्या. शेवटी आतल्या बाजूलाही जवसाचं तेल पाजा. आपल्याकडच्या पावसात कोरडं लाकूड फुगतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तेलाचं मात्र ऐका. हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडायची सवय घराघरांत आहे. ते आतल्या दाबानं पेटतं, धूर येतो, बार फटाक्यासारखा वाजतो आणि प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा होतो. वायसर आणि स्प्रिंग दोन्हीचं आयुष्य कमी होतं. तेल फक्त बिजागरीला. छरा न भरता मारू नका, पिस्टन लोखंडावर आदळतो.

छरे सपाट तोंडाचे घ्या. काचेवर घरंगळवून बघा, सारखे वळण घेत जाणारे एका डबीत, झोकांड्या खाणारे बाजूला. दोन-तीन प्रकार आणून आपल्या नळीला कुठला मानवतो ते कागदावर ठरवा. महागडाच लागेल असं नाही. हात साबणानं धुवा, शिसं आहे.

एवढं करूनही गट फुटत असेल तर धरण्यात चूक आहे. स्प्रिंगची बंदूक आधी मागं आणि लगेच पुढं हलते, छरा नळीत असतानाच. घट्ट आवळली तर दर वेळी वेगळी हलते. पुढचा हात मोकळा ठेवा, बंदूक उघड्या तळव्यावर झोपलेल्या लेकराच्या डोक्यासारखी पेलायची, आणि दर वेळी त्याच जागी. दस्त्याखाली खडूची खूण करा. ट्रिगर सावकाश दाबा आणि बार झाल्यावरही क्षणभर साईटमधूनच बघत राहा.

गट जमला की मगच साईट. छरे डावीकडं पडत असतील तर मागची साईट उजवीकडं, खाली पडत असतील तर वर. एक-दोन क्लिक, परत पाच छरे. मिरग लागला की स्क्रू पुन्हा तपासायचे, नळीतून छरा भरायच्या बाजूनं कोरडं फडकं ओढून काढायचं आणि बंदूक फोमच्या पेटीत न ठेवता हवेशीर जागी, कुलपात ठेवायची.